पाच मिनिटं आणि एक खट्

माझ्याकडे एक एअर कॉम्प्रेसर आहे आणि तो उत्तम चालतो. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहून ठेवतोय, कारण गेल्या ऑक्टोबरात आमच्या तळ्याच्या काठावर याच्या बरोबर उलट बातमी पसरली होती, आणि ती पसरवण्यात माझ्या बायकोचा, म्हणजे तुइरेचा, हात होता. ती म्हणते की तिने फक्त बहिणीला सांगितलं. पण तिच्या बहिणीला सांगणं म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. माझं डोकं नद्या, पर्वत आणि हिमनद्या यांत बरं चालतं. विजेशी माझा संबंध दिवा लावणे आणि विझवणे इतकाच. तरीही मी तो लाल रंगाचा, चोवीस लिटर टाकीचा, दोन चाकांवर फिरणारा प्राणी विकत आणला, त्याला कारण पाणी.

आमच्याकडे तळ्यावरच्या घरांत लोक उन्हाळ्यापासून थंडी पडेपर्यंतच राहतात, आणि तिथलं पाणीही तेवढ्यापुरतंच असतं. थंडी पडायच्या आत पाइपातला थेंब न् थेंब बाहेर काढायचा, नाहीतर त्याचा बर्फ होतो आणि पाइप फुटतो. आमच्या घराला आणि शेजारच्या आउनेबाईंच्या घराला मिळून एकच पाइप आहे. चाळीस वर्षांपूर्वी माझे सासरे आणि आउनेबाईंचा नवरा ताउनो यांनी हस्तांदोलन करून ठरवलं होतं, की पाणी ताउनोच्या विहिरीचं आणि वीज आमच्या घरची. त्यामुळे आमच्या बोर्डावरून एक लाइन उतारावरून काठापर्यंत जाते. काठावर पंपाची शेड, आणि शेडच्या मागे, झाडांच्या आड, ताउनोचा सॉना, म्हणजे गरम वाफेत अंग शेकत बसायची लाकडी खोली. कागदावर यातलं काहीही नाही. कागदावर नाही म्हणूनच चाळीस वर्षं भांडण नाही, असं ताउनो म्हणायचा.

दर शरद ऋतूत पाइप ताउनोच रिकामा करायचा. गेल्या ऑक्टोबरच्या तीन वर्षं आधी तो गेला, आणि हे काम माझ्याकडे आलं. पहिली दोन वर्षं थंडी बेताची पडली आणि मी तरून गेलो. तिसऱ्या वर्षी मी नेहमीप्रमाणे सगळे नळ उघडले आणि तुइरेला म्हणालो, "पाणी आपोआप उताराने खाली जातं. उताराचं मला नको सांगूस, मी भूगोलाचा शिक्षक आहे." पाणी खाली गेलं नाही. ते आउनेबाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत जाऊन बसलं आणि जानेवारीत भिंतीसकट फुटलं.

आउनेबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यानंतरचा अख्खा उन्हाळा त्यांनी तळ्यावरून बादलीने पाणी वाहिलं, आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती. उलट दर रविवारी दालचिनीचे गरम पाव पाठवत होत्या. भिंत ऑगस्टात दुरुस्त झाली. त्यांची मुलगी मार्केत्ता शहरातून आली, नवीन नळ उघडून बघितला आणि म्हणाली, "आई, पुन्हा एकदा पाइप फुटला ना, तर हे घर विकायचं. तुझ्या वयाला हे झेपत नाही." हे ती आईला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती.

आउनेबाईंनी फक्त मान हलवली आणि खिडकीतून तळ्याकडे बघत राहिल्या. मी तिथल्या तिथे शब्द दिला. या वर्षी पाइप मी रिकामा करणार, आणि हवेच्या दाबाने फुंकून करणार.

तर सोमवार. शुक्रवारी रात्री पारा उणे नऊवर जाणार, असं रेडिओने सांगितलं होतं. हाताशी पाच दिवस, आणि काम तासाभराचं. मी शेडमध्ये कॉम्प्रेसर लावला, वारा येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं, कानांवर आवाज अडवायचे ते पिवळे गोळे चढवले आणि बटण दाबलं. काय तो आवाज! तळ्यावरची बदकं उडाली. दाबाचा काटा वर चढायला लागला. टाकी भरली की पाइपात हवा सोडायची, परत भरायची, परत सोडायची, असं तासभर करायचं होतं. दोनदा सोडली. छाती अभिमानाने फुगली. पाच मिनिटं झाली असतील, आणि खट्. सगळं थंड.

शेडपासून आमच्या बोर्डापर्यंत एकशे ब्याऐंशी पावलं आहेत. सगळी चढाची. हा आकडा मला तेव्हा ठाऊक नव्हता, त्या आठवड्यात ठाऊक झाला. काठाकडे जाणाऱ्या लाइनचा ब्रेकर पडला होता. मी तो वर केला, खाली आलो, बटण दाबलं. या वेळी एक मिनिटसुद्धा नाही. खट्. परत वर, परत खाली. खट्. तिसऱ्यांदा पडल्यावर मी ब्रेकरला म्हणालो, "पडायचंच आहे ना तुला? मग राहा पडलेला." आणि घरात जाऊन बसलो.

"झालं?" तुइरेने विचारलं.

"सुरुवात झाली," मी म्हणालो.

मंगळवारी कौको आला. कौको तळ्यापलीकडे राहतो. तीस वर्षं बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढल्यामुळे त्याला सगळं कळतं, आणि कळतं म्हणून तो बोलत नाही. त्याच्याकडून सल्ला काढायचा म्हणजे आधी दोन कप कॉफी पाजावी लागते. दुसरा कप खाली ठेवून तो म्हणाला, "वायर."

"वायरीचं काय?"

त्याने तिसऱ्या कॉफीसाठी कप पुढे केला. "बारीक."

मी पस्तीस किलोमीटर गाडी हाकून मनगटाएवढी जाड वायर आणली. ब्रेकर वर केला, एकशे ब्याऐंशी पावलं उतरलो, बटण दाबलं. पाच मिनिटं अगदी छान. कौकोकडे बघून मी अंगठा वर केला. आणि अंगठा वर असतानाच खट्. कौकोने टोपी डोक्यावर ठेवली. "तेल," एवढंच म्हणाला आणि होडीत बसून निघून गेला.

त्या एका शब्दाचा अर्थ मी संध्याकाळी माहितीपुस्तिकेत शोधून काढला. थंडीत यंत्रातलं तेल घट्ट होतं, मोटरला फिरायला जड जातं, ती जास्त वीज ओढते, आणि ब्रेकर पडतो. हे मला इतकं पटलं की मी लगेच कॉम्प्रेसर घरात आणून शेकोटीजवळ ठेवला. रात्री थंडी वाटू नये म्हणून त्याच्यावर एक शाल टाकली.

सकाळी तुइरे म्हणाली, "हेइमो, ती माझी शाल आहे."

"माहीत आहे. लोकर चांगली आहे तिची."

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या अंगावर कधी शाल टाकलीस?"

काही प्रश्न शुक्रवारनंतरचे असतात.

बुधवारी गरम कॉम्प्रेसर शालीसकट चाकांवरून उतारावर नेला. पाच मिनिटं. खट्. मी शेडच्या पायरीवर बसलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं. समोर आउनेबाईंचं स्वयंपाकघर दिसत होतं, नवीन रंग दिलेली ती भिंत दिसत होती, आणि तिच्या आत पाणी जसंच्या तसं बसलेलं होतं.

परत जाताना वाटेत आउनेबाई भेटल्या. हातात काठी, खांद्यावर टॉवेल. मला बघताच त्यांनी टॉवेल चटकन काखेत दडवला.

"कसं काय चाललंय रे?" त्यांनी विचारलं.

"मस्त," मी म्हणालो. "अगदी ठरल्याप्रमाणे. तुमचं?"

"माझं? माझंही मस्तच," त्या म्हणाल्या. दोघेही घाईघाईने आपापल्या घरी गेलो.

घरी येऊन मी वीज कंपनीला फोन लावला. आधी संगीत वाजलं. मग एका आवाजाने सांगितलं की मी रांगेत चौदावा आहे. चाळीस मिनिटांनी मी रांगेत सोळावा झालो. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी एक माणूस मिळाला. अतिशय सभ्य.

"म्हणजे तुम्हाला काठाकडच्या लाइनची क्षमता वाढवून हवी आहे?"

"हो. शुक्रवारच्या आत."

"आमच्या नकाशात तुमच्या काठाकडे लाइन नाहीये."

"आहे हो! चाळीस वर्षं आहे. मी तिच्यावरच अडकलोय!"

"मग आधी नोंदणी नसलेली लाइन असल्याचा अर्ज करावा लागेल. मग तपासनीस येऊन ती आहे की नाही ते ठरवेल."

"केव्हा?"

"मे महिन्यात. जमीन गोठलेली असताना केबल तपासता येत नाही."

मी म्हणालो की जमीन गोठायच्या आत काम उरकायचं, म्हणूनच तर घाई आहे. तो म्हणाला की माझी भावना तो समजू शकतो, आणि या संभाषणाला मी किती गुण देईन ते कृपया सांगावं.

गुरुवारी तुइरेने मला न विचारता इलेक्ट्रिशियन बोलावली. हिल्ला नावाची तिशीतली मुलगी, खिशांत बारा पेचकस, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. तिची गाडी आमच्या आणि आउनेबाईंच्या घरांच्या मधोमध उभी राहिली. ती म्हणाली, "चालू करा."

मी बटण दाबलं. पाच मिनिटं झाली. मी डोळे मिटून घेतले. सहा. दहा. वीस. कॉम्प्रेसर एखाद्या गुणी विद्यार्थ्यासारखा चालत होता. हिल्ला वायरीभोवती चिमटा लावून आकडे लिहून घेत होती.

"या लाइनवर आणखी काय काय आहे?"

"हा दिवा, आणि पंप. पंप बंद केलाय. मागे एक सॉना आहे, पण त्याचा मालक वारला. तीन वर्षं बंदच आहे."

चाळीस मिनिटांनी तिने कॉम्प्रेसर थांबवला. "तुमच्या यंत्रात काही दोष नाही. लाइनमध्येही नाही."

"मग दोष कशात आहे?"

तिने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि पेचकस खिशात घातला. जाताना ती आउनेबाईंकडे कॉफीला थांबली. गाडीत बसताना म्हणाली, "म्हातारी गोड आहे हो. शेगड्या किती वर्षं टिकतात म्हणून विचारत होती." मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं.

ते म्हणजे, तुइरे आता काय विचारणार. तिने विचारलंच. "चाळीस मिनिटं यंत्र चाललं?"

"चाळीस."

"आणि ती हवा तू पाइपात सोडलीस ना?"

ती सगळी हवा मी शेडच्या दारातून तळ्यावर सोडली होती. पाइप जोडायचा असतो हे मला सुचलंच नव्हतं. माझं यंत्र निर्दोष सुटतंय, या आनंदातच मी उभा होतो.

आमच्याकडे बायका खरोखर रागावल्या की बोलत नाहीत. तुइरेने फक्त आपली शाल घेतली आणि कपाटात ठेवली. हिल्लाची गाडी वळणाआड जाताच मी धावत शेडमध्ये गेलो, पाइप जोडला, बटण दाबलं. पाच मिनिटं. खट्.

शुक्रवार उजाडला तो निरभ्र. शरदात निरभ्र आकाश म्हणजे रात्री थंडी नक्की. काठावरच्या चिखलावर सकाळीच पापुद्रा धरला होता. मी ब्रेकर वर केला, उतरलो, पाइप जोडला, बटण दाबलं, आणि घड्याळ समोर धरून बसलो. एक. दोन. तीन. चार मिनिटं पन्नास सेकंद. खट्.

या वेळी मी वर गेलो नाही. कानांवरचे पिवळे गोळे ओढून काढले, शेडचं मागचं दार लाथेने उघडलं आणि तळ्यात काहीतरी फेकावं म्हणून झाडांमधून मागच्या बाजूला गेलो. एक चांगला मोठा दगडही उचलला होता.

सॉनाचं दार उघडं होतं. आत आउनेबाई होत्या. बाकावर घड्या घातलेले तीन टॉवेल, वाफेत अंगावर मारायची बर्च झाडाच्या पानांची जुडी, बादलीत तळ्याचं पाणी, कागदात गुंडाळलेलं सॉसेज. आणि आउनेबाई शेगडीच्या गोल बटणावर हाताने थापट्या मारत होत्या.

"चाल ना गं," त्या शेगडीला म्हणत होत्या. "माणूस आठवडाभर राबतोय तिकडे. एकदा तरी ताप."

मी दगड खाली ठेवला.

त्या दचकल्या. टॉवेल उचलायला गेल्या, मग लक्षात आलं की आता दडवण्यात अर्थ नाही. "तुला सांगणार नव्हते मी," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "सोमवारपासून बघतेय. तुझं यंत्र सुरू झालं, की मी घरातून निघते. वाटलं, माझ्याच पाइपासाठी राबतोय, काम संपल्यावर गरम सॉना तरी मिळावा. ताउनो पायपंपाने पाइप फुंकायचा तेव्हा मी हेच करायची. मी येते, बटण फिरवते, आणि लगेच गार. तासाभराने येऊन बघते तरी गारच, मग बटण बंद करून परत जाते. शेगडी गेलीये रे. आता तुला कुठल्या तोंडाने सांगू? तू थंडीत मरतोयस, आणि माझ्याच्याने एक सॉना तापत नाही."

आउनेबाईंच्या घरापासून सॉनापर्यंत काठी टेकत यायला किती वेळ लागतो, हे मी नंतर मोजलं. पाच मिनिटं. कधी दहा सेकंद कमी.

"आणि काल?" मी विचारलं. "काल का नाही लावलीत?"

"काल ती मुलगी आली होती ना. पैसे घेऊन काम करणाऱ्याला कॉफी द्यायची. सॉना शेजाऱ्याला." हे मला माहीत नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "ती गेली आणि तू परत सुरू केलंस, तेव्हा आले की मी."

मी बाकावर टॉवेलांच्या शेजारी बसलो. ती विजेची शेगडी ताउनोने शेवटच्या वर्षांत बसवली होती, लाकडं फोडवेनात तेव्हा. माझ्याच बोर्डावरच्या लाइनवर. वायर धरायला मी होतो. आणि पाच दिवस मी वायर, तेल, वीज कंपनी, सगळ्यांवर संशय घेतला. काठावर एक माणूस माझी काळजी करतोय, ही शक्यता मात्र माझ्या डोक्यात आली नाही.

"आउनेबाई," मी म्हणालो, "तुमची शेगडी ठणठणीत आहे. माझं यंत्र अधाशी आहे. दोघांना एका ताटात वाढलं की ताट मोडतं, म्हणजे वरचा ब्रेकर पडतो. आधी त्याला खाऊ द्या, मग हिला."

"म्हणजे मीच पाडत होते?"

"आपण दोघांनी मिळून पाडला."

"अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मीही तेच केलं. आमच्या काठावर एवढ्या मोठ्याने हसायची पद्धत नाही, त्यामुळे तुइरे धावत खाली आली. तिला वाटलं, मला विजेचा धक्का बसला.

मग मी एकशे ब्याऐंशी पावलं चढून ब्रेकर वर केला. कॉम्प्रेसर एक तास वीस मिनिटं चालला. आउनेबाई खुर्ची घेऊन आपल्या स्वयंपाकघरात नळासमोर बसल्या आणि तुइरे दारात उभी राहून बातम्या ओरडून सांगत होती. "पाणी येतंय! अजून येतंय! आता थुंकतोय! खोकतोय! हेइमो, नुसती हवा येतेय!" नवीन भिंतीच्या आतून शेवटचा थेंब निघाला तेव्हा तळ्यावर सूर्य टेकला होता. मी कॉम्प्रेसर बंद केला आणि आउनेबाईंनी शेगडीचं बटण फिरवलं.

तास लागला तापायला. आधी बायका गेल्या, मग मी. वरच्या फळीवर बसून शेगडीतल्या तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, आणि आठवडाभर हाडांत शिरलेली थंडी निघून गेली. बाहेर बाकावर आउनेबाई लाल चेहऱ्याने सॉसेज खात बसल्या होत्या.

"तीन वर्षांनी बसले आज," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी कोण तापवतं रे? तुझं यंत्र ऐकलं आणि वाटलं, चला, निमित्त झालं."

त्या रात्री उणे अकरा झालं.

मे महिन्यात आम्ही सगळे परत आलो. मार्केत्ताही आली होती. तिने स्वतः स्वयंपाकघरातला नळ उघडला. नळ दोनदा खोकला, आणि मग स्वच्छ, जोरात पाणी आलं. भिंत कोरडी. मार्केत्ताने भिंतीवरून दोनदा हात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." पुढे घर विकायचा विषय निघाला नाही. आउनेबाईंनी नळ बंद केला, परत उघडला, परत बंद केला.

शनिवारी दुपारी मी शेडमधून कॉम्प्रेसर बाहेर काढला. तुइरे खिडकीतून ओरडली, "आता काय फुंकायचंय तुला? पाइप तर भरलेला आहे!"

"काही नाही," मी म्हणालो.

बटण दाबलं. बदकं उडाली. पाइप जोडला नव्हता. हवा नुसतीच तळ्यावर जात होती. चार मिनिटं झाल्यावर मी कॉम्प्रेसर बंद केला आणि कान देऊन उभा राहिलो. उतारावरून काठी टेकल्याचा आवाज आला, मग झाडांमागे दार करकरलं, आणि सॉनाच्या छोट्या खिडकीत दिवा लागला.

मी तुइरेला हाक मारून टॉवेल आणायला सांगितलं.